कर्ज फिटलं, पण खातं मिटलं का?

हप्ता चुकला की चार दिवसांत फोन सुरू होतात. सगळं कर्ज एकदाचं फेडून टाकलं की फोन थांबतात आणि त्यांच्यासोबत पत्रव्यवहारही थांबतो. पैसे आले म्हणजे वसुली विभागाचं काम संपलं. तुम्हाला नवं कर्ज विकणाऱ्यांना तुमची आठवण यायला अजून अवकाश असतो. या मधल्या काळात घराचं मूळ खरेदीखत, गाडीच्या आरसीवरची बँकेची नोंद, सातबाऱ्यावरचा बोजा आणि सिबिलमधला थकबाकीचा शेरा हे सगळं जिथल्या तिथे पडून राहतं. बहुतेकांना त्याचा पत्ता दोन-तीन वर्षांनी लागतो. फ्लॅट विकायला काढल्यावर खरेदीदाराचा वकील विचारतो, किंवा ज्या मेहुण्याने जामीनकी दिली होती त्याचंच कर्ज नामंजूर होतं.

हा उशीर क्वचितच कुणी मुद्दाम करतं. कर्ज वसूल करणं हे कुणाच्या तरी टार्गेटमध्ये असतं, खातं मिटवणं कुणाच्याच टार्गेटमध्ये नसतं. म्हणून शाखेत जाऊन ‘साहेब, जरा बघा ना’ म्हणण्याचा उपयोग होत नाही. साहेब बघतो म्हणतात, आणि एप्रिल-मेमध्ये साहेबांची बदली होते. लेखी अर्ज, त्यावर शाखेचा शिक्का आणि तारीख, एवढं हातात असेल तर पुढचं सगळं करता येतं. ते नसेल तर तक्रार कितीही खरी असली तरी ती हवेतच राहते.

सुरुवात मात्र शेवटचा भरणा करण्याआधीच करायला हवी. कर्ज मुदतीआधी फेडणार असाल तर फोरक्लोजर स्टेटमेंट लेखी मागा. त्यात ठरावीक तारखेपर्यंतची रक्कम आणि त्यानंतर रोजचं व्याज किती हे लिहिलेलं असतं. लोक शुक्रवारी स्टेटमेंट घेतात आणि मंगळवारी पैसे भरतात. मधल्या चार दिवसांचं व्याज राहून जातं आणि खात्यावर काही रुपयांची बाकी दिसत राहते. त्या किरकोळ बाकीमुळे संगणक खातं बंद करू देत नाही. पुढे तीच बाकी दंडासह वाढते आणि सिबिलवर ‘थकीत’ म्हणून जाते. हप्त्याच्या तारखेच्या तोंडावर कर्ज फेडणंही टाळा. हप्ता वसुलीची फाइल काही दिवस आधीच तुमच्या बचत खात्याच्या बँकेकडे रवाना झालेली असते. चार तारखेला तुम्ही सगळे पैसे भरता, पाच तारखेला हप्ता पुन्हा कापला जातो, आणि जादा आलेली ही रक्कम परत करेपर्यंत खातं उघडंच राहतं. हप्ता कापून गेल्यावर आठ-दहा दिवसांनी कर्ज फेडलं की ही भानगड होत नाही. खातं बंद झाल्यावर हप्त्याचं नॅच मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापण्याची तुम्ही दिलेली परवानगी, रद्द झालं का, हे तुमच्या बचत खात्याच्या बँकेतही विचारा. बंद झालेल्या कर्जाचे हप्ते कापले जाणं ही दुर्मीळ गोष्ट नाही.

वैयक्तिक कारणासाठी घेतलेलं कर्ज बदलत्या व्याजदराचं असेल, तर ते मुदतीआधी फेडण्यासाठी बँक दंड आकारू शकत नाही. तरीही कागदावर ‘प्रोसेसिंग’ किंवा ‘क्लोजर’ या नावाने काही रक्कम दिसली तर ती कोणत्या नियमाखाली आहे, हे लेखी विचारा. बऱ्याचदा एवढ्या प्रश्नावरच ती रक्कम नाहीशी होते.

आता मुख्य नियम. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी परिपत्रक काढून सांगितलं, की वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यापासून किंवा तडजोडीने मिटल्यापासून ३० दिवसांत सर्व मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि जिथे जिथे बोजा नोंदवला असेल तिथून तो काढायचा. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. उशीर झाला तर त्याचं कारण कर्जदाराला कळवायचं, आणि उशिराला बँक जबाबदार असेल तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची. कागदपत्रं हरवली किंवा खराब झाली असतील तर नक्कल किंवा प्रमाणित प्रत काढायला बँकेने मदत करायची आणि खर्चही तिनेच करायचा. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात, म्हणजे एकूण ६० दिवसांनंतर भरपाईचा हिशेब सुरू होतो. कागदपत्रं कर्जखातं असलेल्या शाखेतून घ्यायची की जिथे ती ठेवलेली आहेत अशा दुसऱ्या कार्यालयातून, हे निवडण्याचा हक्क तुमचा. नाशिकच्या कर्जदाराला ‘फाइल मुंबईच्या गोदामात आहे, तिकडून घ्या’ असं परस्पर सांगता येत नाही.

हा नियम व्यापारी बँका, नागरी सहकारी बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका, गृहवित्त कंपन्या, बिगर बँक वित्त कंपन्या आणि थकीत कर्जं विकत घेणाऱ्या मालमत्ता पुनर्रचना कंपन्या या सगळ्यांना लागू आहे. पण त्याच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. ‘वैयक्तिक कर्ज’ म्हणजे इथे गृहकर्ज, शैक्षणिक कर्ज, वाहन किंवा वस्तू घेण्यासाठीचं कर्ज, शेअर वगैरेंमध्ये गुंतवणुकीसाठीचं कर्ज. दुकानाच्या कॅश क्रेडिटला किंवा पीककर्जाला रोजच्या पाच हजारांचा हा नियम लावता येत नाही. सोनेतारणासाठी २०२५ मध्ये वेगळे निर्देश आले. त्यानुसार कर्ज फिटलं की शक्यतो त्याच दिवशी आणि जास्तीत जास्त सात कामकाजाच्या दिवसांत दागिने परत द्यायचे, नाहीतर तिथेही दिवसाला ५,००० रुपये. या निर्देशांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही शेवटची मुदत होती.

तीस दिवसांची मोजणी कर्ज फिटल्याच्या तारखेपासून होते, अर्ज दिल्याच्या तारखेपासून नाही. तरीही अर्ज द्याच, कारण कर्ज नेमकं कधी फिटलं यावरच पुढे वाद घातला जातो. अर्ज लांबलचक नको. इतकं पुरे:

‘माझ्या गृहकर्ज खाते क्र. … ची संपूर्ण येणे रक्कम रु. … मी दि. … रोजी आरटीजीएसने भरली असून यूटीआर क्र. … आहे. कृपया खाते बंद करून बेबाकी दाखला, सोबतच्या यादीप्रमाणे सर्व मूळ कागदपत्रे, न वापरलेले धनादेश आणि सेरसाई व इतर नोंदवह्यांतील बोजा काढल्याचा पुरावा रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० दिवसांत द्यावा. विलंब होत असल्यास त्याचे कारण लेखी कळवावे. सहकर्जदार व जामीनदार यांना मुक्त केल्याचे पत्रही द्यावे.’

‘सोबतची यादी’ महत्त्वाची आहे. कर्ज घेताना जमा केलेल्या कागदांची पोच बँकेने दिली होती. ती शोधा. सापडत नसेल तर बँकेकडून त्या यादीची प्रत मागा. कागद परत घेताना काउंटरवर उभं राहून एकेक पान मोजा. मागच्या मालकाचं साखळीतलं खरेदीखत, नोंदणीची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट या तीन गोष्टी हमखास राहतात. ‘सर्व कागदपत्रे मिळाली’ या ओळीखाली सही करण्यापूर्वी जे मिळालं नाही ते त्याच कागदावर हाताने लिहा.

बेबाकी दाखला हातात आला, काही भागांत याला नील दाखला म्हणतात, की लोक सुटकेचा श्वास सोडतात. खरं तर निम्मं काम तिथून पुढे असतं. सेरसाई ही मालमत्तेवरच्या तारणांची केंद्रीय नोंदवही आहे. तिथली नोंद बँकच काढते, पण ती काढली का हे थोडं शुल्क भरून ऑनलाइन पाहता येतं. गहाणखत नोंदणीकृत असेल तर मुक्तीचा दस्तही दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. त्यासाठी बँकेच्या अधिकाऱ्याला सही करायला हजर राहावं लागतं, आणि हा मुहूर्त जुळवण्यातच महिने जातात. अर्जात त्याची तारीख मागून घ्या. गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरातही तुमच्या फ्लॅटसमोर बँकेचा बोजा लिहिलेला असतो. दाखल्याची प्रत देऊन तो कमी करून घ्या. सेक्रेटरी बदलले की हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

गाडीचं काम तुलनेने सोपं आहे, फक्त वेळेत करायला हवं. बँक ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ देते. त्या पत्रावर साधारण तीन महिन्यांची मुदत असते. लोक ते कपाटात ठेवतात, दोन वर्षांनी गाडी विकताना बाहेर काढतात आणि आरटीओ नवं पत्र आणा म्हणतो. एव्हाना ती वित्त कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असते. तेव्हा पत्र मिळालं की त्याच आठवड्यात परिवहन पोर्टलवर अर्ज करा, आणि विमा पॉलिसीवरचं बँकेचं नावही काढून घ्या. ते राहिलं आणि गाडीचा मोठा अपघात झाला, तर भरपाईचा धनादेश बँकेच्या नावाने निघू शकतो.

शेतजमिनीचं वेगळं. विकास सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज फिटलं तरी सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा आपोआप उतरत नाही. सोसायटीच्या सचिवाचा किंवा बँकेचा दाखला लावून तलाठी कार्यालयात, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा लागतो. ई-हक्क प्रणालीतून तो ऑनलाइनही करता येतो. मग फेरफार निघतो, नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्ज तोंडी नको, क्रमांकासह पोच घ्या. फेरफार कुठवर आला हे त्या क्रमांकाशिवाय कुणी सांगत नाही. वाटणीपूर्वी आजोबांच्या नावावर चढलेले आणि कधीच न उतरवलेले बोजे आज नातवंडांच्या सातबाऱ्यावर दिसतात. कर्ज देणारी संस्था अवसायनात निघालेली असेल तर दाखला अवसायकाकडून मिळतो.

जिथे कर्ज पूर्ण फेडलेलं नसून तडजोडीने मिटवलेलं असतं, तिथे गोष्ट अधिक नाजूक आहे. नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था याला सामोपचार परतफेड योजना म्हणतात, बाकीकडे ओटीएस किंवा नुसतंच सेटलमेंट. इथे उशीर दोन्ही बाजूंनी होतो, आणि कर्जदाराकडून झालेला उशीर फार महाग पडतो. तडजोडपत्रात रक्कम आणि तारीख ठरलेली असते. तारीख उलटली की सवलत गेली, आणि तोवर भरलेले पैसे मूळ थकबाकीत वळते होतात. कोर्टात जाऊन मुदत वाढवून घेऊ, अशी आशा बाळगू नका. ओटीएस हा कर्जदाराचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने बिजनौर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या खटल्यात डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये स्टेट बँक विरुद्ध अरविंद्रा इलेक्ट्रॉनिक्स या निकालात, बँकेच्या संमतीशिवाय उच्च न्यायालय ओटीएसची मुदत वाढवू शकत नाही, असंही सांगितलं.

मार्चअखेर जवळ आली की बँका तडजोडीला उत्सुक असतात आणि कर्जदारही उत्साहाच्या भरात ३१ मार्चची तारीख मान्य करून बसतो. पैसे मात्र जमीन विकून यायचे असतात, किंवा पीएफमधून, किंवा भावाकडून. दुसऱ्याच्या हातात असलेल्या पैशांवर स्वतःची तारीख बांधू नये. जमिनीचा विसार मिळाला म्हणजे व्यवहार झाला असं नसतं. खरेदीदाराचं स्वतःचं कर्ज मंजूर व्हायला महिना लागू शकतो. दोन हप्त्यांत भरण्याची मुभा आणि उशीर झाल्यास ठरावीक व्याज देऊन महिनाभराची सूट, अशी अट तडजोडपत्रातच घालून घ्या. त्या वेळी बँक ती बऱ्याचदा मान्य करते. तारीख उलटल्यावर मागितली तर करेलच असं नाही. आणि तारीख चुकणार हे दिसलं तर ती यायच्या आधी लेखी मुदतवाढ मागा, जमतील तेवढे पैसे सोबत भरा आणि सुधारित पत्र हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. ‘भरा हो, मी सांभाळून घेतो’ हे वसुली अधिकाऱ्याचे शब्द कागदावर उमटत नाहीत.

पत्र कुणाचं आहे हेही पाहा. वसुली एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफवर विश्वास ठेवू नका. संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून आलेलं किंवा शाखेने सही-शिक्क्यासह दिलेलं पत्रच धरायचं, आणि पैसे फक्त कर्जखात्यातच भरायचे. एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नको. ॲपवरून घेतलेल्या छोट्या कर्जांमध्ये ॲप हा फक्त मध्यस्थ असतो. कर्ज देणाऱ्या वित्त कंपनीचं नाव करारात असतं आणि दाखला तिच्याकडूनच यायला हवा. ॲपवर ‘लोन क्लोज्ड’ असं हिरव्या अक्षरांत दिसणं हा दाखला नाही.

सगळ्यात जास्त मनस्ताप होतो तो कर्ज मधल्या काळात विकलं गेलं असेल तर. मूळ बँक म्हणते खातं आता आमच्याकडे नाही, आणि पुनर्रचना कंपनी म्हणते कागदपत्रं अजून आमच्याकडे आली नाहीत. अशा वेळी दोघांना मिळून एकच पत्र लिहा, दोघांचीही नावं वर घाला आणि कर्ज हस्तांतरणाच्या सूचनेची प्रत मागा. तीस दिवसांचा नियम दोघांनाही लागू आहे, त्यामुळे चेंडू कुणाच्या अंगणात आहे हे त्यांनी आपसात ठरवावं.

तडजोडीपूर्वी कोर्टकज्जे झाले असतील तर तेही आपोआप संपत नाहीत. धनादेश न वटल्याची कलम १३८ ची केस चालू असेल तर बँकेच्या वकिलाने कोर्टात पुरशिस देऊन ती मागे घ्यावी लागते. कर्ज मिटलं म्हणून तारखेला न गेलेल्या माणसाच्या नावाने वॉरंट निघाल्याची उदाहरणं वकील मंडळी सांगतील. केस कागदोपत्री निकाली निघेपर्यंत हजर राहायलाच हवं. लोकअदालतीत मिटवलं असेल तर तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो. त्यावर अपील नाही. हप्ते चुकले तर त्याची थेट अंमलबजावणी होते. म्हणून हप्त्यांच्या तारखा कबूल करण्यापूर्वी थोडं थांबून विचार करा, गर्दीत घाईने सही करू नका.

आता सिबिल. भारतात कर्जदारांची पतमाहिती ठेवणाऱ्या चार संस्था आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. २०२५ च्या सुरुवातीपासून बँकांनी निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवणं बंधनकारक आहे, तेव्हा कर्ज फिटल्यावर दीडेक महिन्याने चारही अहवाल काढून बघा. एकीकडे दुरुस्ती झाली म्हणजे बाकीच्या तिघींकडे झालीच असेल असं नाही. नोंद चुकीची असेल तर त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. पैसे लागत नाहीत. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. बँकेने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नाही तर ती बँकेने द्यायची, बँकेने पाठवूनही नोंद सुधारली नाही तर माहिती संस्थेने. जामीनदारालाही त्याचा अहवाल काढायला सांगा. त्याच्याकडे तुमचं कर्ज अजून चालू दिसत असेल तर त्याची तक्रार त्यालाच करावी लागते.

पण एक गोष्ट तक्रारीने बदलत नाही. तडजोडीने मिटवलेलं खातं अहवालात ‘सेटल्ड’ असंच दिसणार, ‘क्लोज्ड’ नाही. ती चूक नसते, म्हणून दुरुस्तही होत नाही. सोडून दिलेली रक्कम नंतर भरली आणि संस्थेने मान्य केलं तरच शेरा बदलू शकतो. ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्यांना दिलेले पैसे वाया जातात. तडजोडीनंतर ज्या संस्थेने सवलत दिली ती शेतीकर्ज वगळता किमान १२ महिने नवं कर्ज देत नाही, हेही आधीच धरून चाला.

तीस दिवस उलटून गेले आणि हालचाल नसेल तर शाखेत चकरा मारणं बंद करा. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. अर्जाची पोच, यूटीआर आणि उशिराचे दिवस मोजून भरपाईचा आकडा सोबत लिहा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा आलेलं उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही आणि वकीलही लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळू शकते. बँकेकडे आधी तक्रार न करता थेट लोकपालाकडे गेलात तर अर्ज परत येतो, आणि बऱ्याच जणांचे अर्ज याच कारणाने अडकतात. बँक सरकारी असेल तर स्वतःच्या खात्याची फाइल कुठे अडली, हे माहितीच्या अधिकारातही विचारता येतं. नुकसान मोठं असेल, समजा कागद न मिळाल्याने ठरलेला सौदा मोडला, तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

पतसंस्थांचं मात्र वेगळं आहे. गावोगावच्या नागरी आणि पगारदार पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत, त्यांना ना तीस दिवसांचा तो नियम लागू ना लोकपाल. तिथे तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे आणि मग जिल्हा उपनिबंधकाकडे करायची. संस्थेने कलम १०१ खाली वसुली दाखला घेऊन सातबाऱ्यावर किंवा घराच्या उताऱ्यावर जप्तीची नोंद केली असेल तर ती उठवण्याचं पत्र वसुली अधिकाऱ्याकडून वेगळं घ्यावं लागतं, नुसत्या बेबाकी दाखल्याने ती उतरत नाही. पगारातून कपात होत असेल तर कार्यालयाच्या लेखा विभागालाही दाखल्याची प्रत द्या. कर्ज फिटल्यावर दोन-तीन महिने हप्ता कापत राहणं तिथे सर्रास होतं, आणि ते पैसे परत मिळवायला पुन्हा अर्ज करावा लागतो.

कर्जदार हयात नसेल तर मूळ कागद वारसांना कसे परत द्यायचे याची पद्धत बँकेने आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करायची असते. ती वाचून मगच शाखेत जा, म्हणजे काउंटरवर नवनवे कागद मागितले जाणार नाहीत.

बेबाकी दाखला, तडजोडपत्र, शेवटच्या भरण्याचा पुरावा आणि कर्जखात्याचा संपूर्ण उतारा हे एकत्र ठेवा आणि त्यांची छायाप्रत ईमेलवरही राहू द्या. जुनी थकीत कर्जं गठ्ठ्याने विकली जातात. त्या गठ्ठ्यात मिटलेली खातीही चुकून जातात, आणि चार-पाच वर्षांनी एखाद्या अनोळखी वसुली एजन्सीचा फोन येतो. अशा वेळी फोनवर वाद घालू नका, पैसे भरायचं कबूल करू नका. एजन्सीचं आणि तिला नेमणाऱ्या संस्थेचं नाव विचारून घ्या, दाखल्याची प्रत दोघांना ईमेलने पाठवा आणि मूळ कागद कुणी कितीही मागितला तरी हातचा सोडू नका.